लग्नाचा फोटोग्राफर ठरवताय? आधी मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयातले दिवे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात लग्न, मुलगी पुण्याची, मुलगा सांगलीचा, लग्न पुण्यातल्या कार्यालयात, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. तीन फोटोग्राफरची कोटेशन आलीत, ७० हजार, दीड लाख आणि तीन लाख, आणि फरक नेमका कशाचा ते कळत नाहीये. शिवाय प्री-वेडिंग करावं का, आणि मुलाच्या मावसभावाकडे भारी कॅमेरा आहे तर त्यालाच सांगून पैसे वाचतील का.

मी बरीच वर्षं पुणे-सातारा-सांगली पट्ट्यात लग्नं शूट करतेय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, जी कोटेशन देताना आमच्यातले फार कमी लोक सांगतात. फोटो चांगले येणार की नाही हे निम्मं तुम्ही आधीच ठरवून टाकलेलं असतं, कार्यालय बुक करताना, डेकोरेशन फायनल करताना आणि मेकअपवालीला किती वाजता बोलवायचं ते ठरवताना. तीन लाखवाला माणूस आणला आणि त्याला दुपारी पावणेबाराला तयार झालेली नवरी, जांभळे दिवे आणि पाठीमागे झगझगणारी एलईडी वॉल दिली तर तोही बिचारा काय करणार. आणि ७० हजारवाल्याला एक खिडकी आणि शांत वीस मिनिटं दिली तर तो तुम्हाला आयुष्यभर पुरतील असे चार फोटो देईल.

आता कोटेशनमधला फरक. कॅमेऱ्याचं मॉडेल विचारू नका, आजकाल सगळ्यांचेच कॅमेरे बरे असतात. विचारा की त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण डिसेंबरात एकाच तारखेला एकेका नावावर तीन-तीन लग्नं घेतलेली असतात आणि इन्स्टावर ज्याचं काम बघून तुम्ही बुक केलं तो भलत्याच कार्यालयात असतो, तुमच्याकडे रोजावर आणलेला मुलगा येतो. तो मुलगा वाईट असेल असं नाही, पण तुम्ही त्याचं काम बघितलेलं नसतं. नाव लिहून घ्या. मग माणसं किती, साधारणपणे एक ट्रॅडिशनल (विधी आणि ग्रुपचे ठरलेले फोटो) फोटोवाला, एक कँडिड (पोझ न देता सहज टिपलेले फोटो) काढणारा, एक-दोन व्हिडिओवाले असा सेट असतो, दीड आणि तीन लाखातला बराचसा फरक इथेच असतो, बाकीचा ड्रोन, अल्बमचा कागद आणि टीझर-रील वगैरेत. आणि आकडा जीएसटी धरून आहे की नाही तेही विचारा, १८ टक्के नंतर वर लागले की दीड लाखाचे एक लाख सत्त्याहत्तर हजार होतात.

काम बघताना इन्स्टाचे नऊ चौकोन बघू नका. तिथे वर्षातले सगळ्यात चांगले फोटो असतात, ते सगळ्यांचेच चांगले असतात. एका लग्नाची अख्खी गॅलरी मागा, पहिल्या फोटोपासून पाठवणीपर्यंत, आणि शक्यतो दुपारच्या मुहूर्ताचं, कार्यालयातलंच लग्न, रिसॉर्टवरचं नको. त्यात नवरा-नवरी सोडा, मागच्या रांगेतल्या मावश्या बघा. त्यांचे चेहरे माणसासारखे दिसतायत की सगळ्यांना एकच गुळगुळीत गोरा रंग फासलाय? सावळ्या माणसाला सावळंच दाखवतो का? दाखवत नसेल तर मी तरी त्या माणसाला नाही म्हणेन, बाकी काहीही असलं तरी.

पॅकेजमध्ये तास किती तेही बघा, आणि इथे तुमच्या केसमध्ये खरी मेख आहे. बरीच पॅकेजेस दहा किंवा बारा तासांची असतात. सकाळी सातला सुरू केलं की संध्याकाळी सातला बारा तास संपले, आणि तेव्हा तुमचं रिसेप्शन सुरू होतंय. पुढे पाठवणी, मग सांगलीला चार-पाच तासांचा प्रवास, मग मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गृहप्रवेश. माप ओलांडताना, तांदळात नाव लिहिताना कोण असणार? बहुतेकांना हे गाडीत बसल्यावर आठवतं. एक तर आमच्यातलाच एकजण वऱ्हाडाबरोबर न्यायचा, त्याचा मुक्काम-जेवण तुमच्याकडे, नाही तर सांगलीतलाच एखादा चांगला फोटोग्राफर दोन तासांसाठी बोलवायचा. दुसरा पर्याय स्वस्त पडतो आणि कुणी फारसा करत नाही, का ते मला कळत नाही.

मावसभावाचंही इथेच येतं. त्याला मुख्य काम देऊ नका, आणि हे मी माझा धंदा वाचवायला म्हणत नाहीये. त्याचं लग्नात काम असतं, त्याला आहेर घ्यायचा असतो, नाचायचं असतं, काका त्याला ऐन मंगलाष्टकांच्या वेळी गाडी काढायला पाठवतात. शिवाय त्याच्याकडे एकच बॉडी, म्हणजे एकच कॅमेरा, आणि एकच मेमरी कार्ड, ते बिघडलं की संपलं. आम्ही ज्या बॉडीज वापरतो त्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिले जातात, एक कार्ड मेलं तरी दुसरं असतं, हा पैसा तुम्ही खरं तर त्याचा देता. पण मावसभावाला जी जागा मिळते ती आम्हाला कधीच मिळत नाही. सांगलीहून पहाटे निघालेली बस, त्यातल्या भेंड्या, आदल्या रात्री घरात चाललेला पत्त्यांचा डाव, नवरदेवाची दाढी करताना चाललेली टिंगल. ते सगळं त्याला करू द्या, आणि नंतर ते फोटो आमच्या फोल्डरमध्ये टाकायला द्या, अल्बममध्ये छान बसतात. फक्त मुहूर्ताच्या वेळी त्याने फ्लॅश लावून मधल्या वाटेत उभं राहायचं नाही, एवढं आधीच प्रेमाने सांगा.

आता दिवे. मुहूर्त १२:३५ चा, म्हणजे बाहेर रखरखीत ऊन आणि आत हॉलमध्ये ट्यूब, पिवळे हॅलोजन, डेकोरेशनवाल्याचे रंगीत पार लाइट आणि मागे एलईडी वॉल, सगळं एकत्र. प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा. पिवळा-पांढरा गोंधळ एडिटिंगमध्ये बऱ्यापैकी सुटतो, पण चेहऱ्यावर जांभळा किंवा निळा दिवा पडला की तो सुटत नाही, चेहऱ्याचा रंगच फाईलमध्ये उरलेला नसतो, मग आम्ही तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करतो आणि तुम्हाला वाटतं काय आर्टिस्टिक केलंय. डेकोरेशनवाल्याला एक वाक्य सांगा: विधी चालू असताना रंगीत दिवे भिंतीवर, चेहऱ्यावर साधा उबदार पांढरा. रात्री रिसेप्शनला काय नाचवायचे ते नाचवा.

एलईडी वॉलचं अजून एक दुखणं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे ट्यूब-दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, शटर, म्हणजे एका फोटोसाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ, एक शंभरांश सेकंदाला धरलं की निभावतं. वॉलचा वेग मात्र वेगळाच असतो, तिच्यावर आडव्या काळ्या पट्ट्या येतात, आणि दोन्ही एकदम सांभाळणं कधीकधी अशक्य होतं. लावायचीच असेल तर ब्राइटनेस अर्ध्याच्या खाली ठेवायला सांगा आणि त्यावर हलणारे मोर-कमळं-धबधबे नकोत. तुमच्या डोक्यामागून धबधबा पडतोय असे फोटो मी शेकड्याने एडिट केलेत, नको ते.

हळदीचं पण असंच. हल्ली सगळं पिवळं करतात, पिवळा पडदा, पिवळा मांडव, सगळ्यांचे पिवळे कपडे, वर अंगाला हळद. पिवळ्या कापडाच्या मांडवातून उन्ह खाली आलं की सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात, खरंच. वरचं कापड पांढरं ठेवा, पिवळं बाजूला लावा. दारातल्या अंगणात, पाटावर बसवून आंब्याच्या पानांनी लावलेली हळद माझ्या मते कुठल्याही इव्हेंटवाल्याच्या हळदीपेक्षा फोटोत जास्त चांगली येते, पण हे माझं मत झालं, तुमच्या मैत्रिणींना ते स्विंग आणि छत्र्या हव्या असतील तर असू द्या.

वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं लावा. १२:३५ चा मुहूर्त म्हणजे सव्वाबाराला मामाने नवरीला आणायचं. त्याआधी गौरीहर. हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. सगळी गर्दी वरातीत नाचायला गेलेली असते, नवरी पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून एकटी गौरीसमोर बसून अक्षता वाहत असते, दिवसभरात तिला मिळालेली ती एकमेव शांत वेळ. आणि कार्यालयवाले ही पूजा कुठे मांडतात, तर आतल्या खोलीत, कपाटाला लागून, वर एक ट्यूब आणि बाजूला सुटकेसांचा ढीग. मॅनेजरला सांगून ती चौरंग-पाटाची मांडणी खिडकीशेजारी करून घ्या, एक रुपयाही जास्त लागत नाही. म्हणजे नवरी साडेअकराला पूर्ण तयार पाहिजे, म्हणजे मेकअपवालीला तुम्ही दहाला संपवायला सांगायचं, कारण ती साडेअकरालाच संपवणार. दागिने, नथ, मुंडावळ्या, साडीच्या निऱ्या यालाच अर्धा तास जातो, आणि ऐनवेळी गजरा कुणाच्या तरी गाडीत राहिलेला असतोच.

नवरीच्या खोलीत शूट करायला टीममध्ये एक तरी बाई आहे का हे विचारायला लाजू नका. मी असते म्हणून मला माहितेय, नवऱ्या कशा सैल होतात. फक्त मग दिवसभर निम्मी लोकं मला विचारतात तुम्ही कुणाकडच्या, आणि एक तरी आजी हळदीकुंकू लावून जेवूनच जा म्हणते.

अंतरपाटाचा क्षण मात्र खरोखर काही सेकंदांचा असतो आणि तो परत करता येत नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली जातो, दोघं एकमेकांकडे बघतात, हार घालतात, आणि बरोबर त्याच वेळी तीनशे माणसं उठून उभी राहतात, पुढचे काका मोबाईल वर करतात आणि अक्षतांचा मारा सुरू होतो. साधे उपाय आहेत. गुरुजींना आदल्या दिवशीच फोन करा आणि सांगा की हार घालताना घाई करू नका, चांगले गुरुजी स्वतःच थांबतात, आणि सांगितलं नसेल तर काही जण आमच्यावर ओरडतात, त्यांचंही बरोबर असतं, त्यांना विधी पुरा करायचा असतो. अंतरपाट धरणारे दोघं सारख्या उंचीचे निवडा, आणि तो खाली नेऊन बाजूला न्यायचा हे सांगून ठेवा, नाही तर आत्याच्या हातातला तो कपडा बरोबर नवरीच्या चेहऱ्यासमोर फडफडत राहतो. स्टेजसमोर दोन दणकट चुलतभाऊ उभे करा, त्यांचं काम एवढंच की मधली वाट मोकळी ठेवायची. आणि नातेवाइकांनी रचलेली मंगलाष्टकं किती आहेत ते आधी मोजा, मुहूर्त टळेपर्यंत माईक न सोडणारा एक मामा प्रत्येक घरात असतो.

ग्रुप फोटोसाठी दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, ज्याला सगळी नाती माहीत आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. यादी पंधरा ग्रुपच्या वर नको. एका ग्रुपला अडीच-तीन मिनिटं लागतात, पंधरा ग्रुप म्हणजे पाऊण तास, आणि तो पाऊण तास विधी संपल्यावर लगेच, पंगतीला बसायच्या आधी काढायचा. आजी-आजोबांचे फोटो त्याही आधी, शक्यतो सकाळीच, ते ताजेतवाने असताना. दुपारनंतर ते दमून खोलीत झोपतात किंवा घरी निघून जातात, आणि नंतर अल्बम निवडताना सगळ्यात जास्त शोधले जाणारे फोटो त्यांचेच असतात.

कानपिळी, सूनमुख, झाल, जे जे तुमच्याकडे असेल ते एका कागदावर लिहून टीमला द्या, कारण प्रत्येक घरात क्रम आणि नावं वेगळी असतात. सूनमुखाला सासूबाई आरशात सुनेचा चेहरा बघतात, तेव्हा आम्हाला आरशाच्या कोनात आधीच जाऊन उभं राहावं लागतं, नंतर घुसायला जागा नसते.

दोघांचे स्वतंत्र फोटो संध्याकाळी. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पाच ते पावणेसहा हा वेळ माझ्यासाठी राखून ठेवा, रिसेप्शनचे कपडे घालून. आता गंमत अशी होते की याच वेळात दुसरा मेकअप चाललेला असतो, खोलीला आतून कडी, आणि बाहेर सोनेरी उन्ह वाया जातंय. तो मेकअप तासभर आधी सुरू करा, बास.

प्री-वेडिंग करावं का? नाही केलं तरी काही बिघडत नाही. एकच खरा उपयोग असतो, कॅमेऱ्यासमोर हात कुठे ठेवायचे हा प्रश्न लग्नाआधीच सुटतो आणि तुमची-आमची ओळख होते. त्यासाठी अर्धा दिवस पुरतो, भाड्याचा गाऊन आणि धुराचे नळकांडे नकोत. तुम्ही जिथे भेटायचात तिथेच सकाळी लवकर जा. वाईजवळ मेणवलीचा घाट सकाळी सुंदर असतो. कासला फुलांच्या दिवसांत जाऊन फुलांत लोळणारे लोक असतात, ते कृपा करून नको, ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे आणि तुडवलेली फुलं पुढच्या वर्षीचं बी टाकत नाहीत. गडांवरही मी प्री-वेडिंग घेत नाही. रायगड, सिंधुदुर्ग, शनिवारवाडा ही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ठिकाणं, तिथे असं शूट परवानगीशिवाय चालत नाही, आणि परवानगी असली तरी रायगडावर मिठ्या मारतानाचे फोटो मला स्वतःलाच बरे वाटत नाहीत.

ड्रोनचं पॅकेजमध्ये लिहिलं असेल तर विचारा कुठे उडवणार आणि कुणाकडे लायसन्स आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागतं, आणि पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे कार्यालय कुठल्या झोनमध्ये येतं ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर आधी बघावं लागतं. खरं सांगू, बंद हॉलमधल्या लग्नात ड्रोन फक्त पार्किंग दाखवतो.

करारपत्र करा, साधं दोन पानी चालेल. त्यात येणाऱ्या माणसांची नावं, तास, जास्तीच्या तासाचा दर, तारीख बदलली तर काय, फोटो-व्हिडिओ-अल्बम कधी, आणि इन्स्टावर टाकायला तुमची परवानगी लागेल की नाही. कॉपीराइटचं फार जणांना माहीत नसतं: १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो, म्हणजे तुम्ही, फोटोग्राफर नाही, जर वेगळा करार नसेल तर. त्यामुळे आमच्यातले बरेच जण करारात उलटं कलम घालतात, ते वाचा आणि मगच सही करा. पैसे सगळे आधी देऊ नका, बुकिंगला थोडे, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता, आणि अल्बम हातात आल्यावर शेवटचे वीस-पंचवीस टक्के.

फोटो कधी मिळणार याचं उत्तर समजायला आमचा आठवडा कसा असतो ते सांगते. आदल्या रात्री बॅटऱ्या, कार्डं, आणि सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवणं, नाही तर नंतर चार जणांचे फोटो क्रमाने लागतच नाहीत. लग्नाचा दिवस चौदा-पंधरा तास, मांडवात अनवाणी, चपला बॅगेत, कारण बाहेर काढल्या की हमखास जातात. रात्री घरी येऊन झोपायच्या आधी सगळं दोन ड्राइव्हवर कॉपी. तास-दीड तास ४के व्हिडिओ म्हणजेच ५०-६० जीबी, अख्ख्या लग्नाचा डेटा ३००-४०० जीबीला सहज पोचतो. मग तीन-चार हजार फोटोंतून पाच-सहाशे निवडणं, रंग सुधारणं, आणि डिसेंबरात हे होईपर्यंत पुढची दोन लग्नं आलेली असतात. सहा आठवड्यांत एडिट केलेले फोटो हा प्रामाणिक वायदा आहे, आठवड्यात देतो म्हणणारा एक तर फिल्टर मारून देणार किंवा थापा मारतोय.

अल्बम उशिरा होण्याचं कारण मात्र नव्वद टक्के वेळा तुम्ही असता. १२ बाय ३६ इंचांचा छापील करिझ्मा अल्बम, त्याची चाळीस पानं, त्यासाठी शंभर-दीडशे फोटो निवडायचे असतात आणि ते दोन्ही घरांत सहा-सहा महिने फिरतात, कुणाच्या काकूचा फोटो मोठा यावरून. एक महिन्यात निवड दोघांनी करा, घरच्यांना नंतर दाखवा. डेटा लिंकवर ठेवून विसरू नका, लिंक संपतात. दोन हार्ड डिस्क तुमच्या तुम्ही घेऊन द्या, एक पुण्यात, एक सांगलीत.

आणि फोटोग्राफरला लग्नाच्या दिवशीच सांगून ठेवा की हार घालतानाचा एक-दोन स्वच्छ फोटो दोन दिवसांत पाहिजेत. विवाह नोंदणीला लग्नाचा फोटो, पत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात, व्हिसाचं काही असेल तर ते सर्टिफिकेट लवकर काढावं लागतं, आणि ऑफिसात मोबाईलवरचा हललेला फोटो घेऊन उभी असलेली जोडपी मी बघितलीत.

केटररला आमची पानं मोजून सांगा, पाच-सहा जण असतो. आणि पुढच्या आठवड्यात कधीतरी बरोबर साडेबाराला कार्यालयात जा, स्टेजवर एका भावाला उभं करून सगळे दिवे लावून मोबाईलने फोटो काढा, आणि ज्यांना शॉर्टलिस्ट केलंय त्या तिघांनाही पाठवून विचारा, इथे तुम्ही काय कराल.